व्हॉल्व्हवाले काका

माणूस गाडी घेतो ती चालवायला, असा एक सर्वसाधारण समज आहे. माहुलगावात खाडीच्या अंगाला, जिथे एका बाजूला जाळी वाळत पडलेली असतात आणि दुसऱ्या बाजूला तेलाच्या टाक्या दिसतात, तिथल्या एका गृहस्थांनी तो खोडून काढला आहे. त्यांच्याकडे १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. रंग फिकट निळा, पुढचं बाकडं अखंड, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. इंजिन पहिल्या चावीला सुरू होतं आणि त्याचा आवाज ऐकून निवृत्त टॅक्सीवाले डोळे मिटतात. गाडी निघण्याबद्दल कसलीच अडचण नाही. ती थांबावी कशी एवढाच प्रश्न शिल्लक आहे, आणि तो सुटेपर्यंत ती निघणार नाही, असं मालकांचं म्हणणं आहे.

गावात त्यांना सगळे व्हॉल्व्हवाले काका म्हणतात. माहुलच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी एकात ते फिटर म्हणून लागले. पुढे एस्सोचा म्हणून ओळखला गेलेला कारखाना १९५४ साली सुरू झाला, बर्मा शेलचा १९५५ साली. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारने घेतले. काकांच्या कुंडलीत मात्र मालक कोण, कच्चं तेल कुठलं, याला जागा नाही. त्यांनी आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडले, तासले, घासले, परत बसवले. गेट व्हॉल्व्ह, ग्लोब व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह, उलटा प्रवाह अडवणारा एनआरव्ही. संध्याकाळी वाऱ्याबरोबर वास आला की आपण खिडकी लावतो, काका नाक वर करून म्हणतात, "कुठलंतरी ग्लँड पॅकिंग गेलंय." घरातल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ते दर दिवाळीत बदलतात, गळो न गळो. पाणी सोडायला येणारा पालिकेचा चावीवाला त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातो, कारण त्याने चावी किती फेरे फिरवली हे काका मोजतात. मागे डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून सांगितलं, "काका, हृदयाच्या एका झडपेतून किंचित गळती आहे." काकांनी शांतपणे विचारलं, "सीटमधून की ग्लँडमधून?"

अशा माणसाने गाडीला डिस्क ब्रेक बसवायला घेतले, हा दैवयोग म्हणायचा. कारण सामान्य माणसाला डिस्क म्हटलं की चाकातली चकचकीत चकती दिसते. काकांना चकतीत रस नाही. चकती कुठलाही कातारी लेथवर घासून देतो. खरा प्रश्न पायडल आणि चाक यांच्यामधल्या नळीत काय बसवायचं हा आहे, आणि तिथे कुठला व्हॉल्व्ह घालावा, कुठला काढावा, यावर एक आयुष्य सहज जातं. काकांचं जातंय.

सुरुवात एकवीरेच्या वाटेवर झाली. कोळ्यांच्या घरातलं माणूस चैत्रात कार्ल्याला आईच्या दर्शनाला गेलं नाही असं होत नाही. त्या वर्षी पद्मिनी भरून सगळे गेले, दर्शन झालं, आणि परतताना बोरघाट उतरायची पाळी आली तेव्हा चाक मेव्हण्यांच्या हातात होतं. मेव्हण्यांचा पेट्रोल वाचवण्यावर विश्वास होता. त्यांनी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि सगळा भार ब्रेकवर. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ड्रम सतत घासला की तापतो, तापला की फुगतो, आणि फुगला की आतल्या लायनरपासून लांब सरकतो; त्यात लायनरची पकडही गरम झाल्यावर उतरते. पायडल खाली खाली जाऊ लागलं. गाडीत जळका वास आला. काकी मांडीवरचा प्रसादाचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसल्या. शेवटी मागच्या बाकावरून काकांनी पुढे झेप घेऊन गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, आणि गाडी खोपोलीच्या बाजूला सुखरूप उतरली. मेव्हणे त्यानंतर मोटारीतून एसटीकडे वळले. काकांनी तिथेच आईला सांगून टाकलं की पुढच्या खेपेला डिस्क ब्रेक लावूनच येईन.

नवस बोलायला सोपा असतो. चकती उघड्यावर फिरते, वारा लागतो, पाणी उडून जातं, आणि तापून फुगली तर पॅडपासून लांब जाण्याऐवजी पॅडकडेच फुगते. एवढं काकांना पटलेलंच होतं. त्यासाठी त्यांनी इतिहासही गोळा केला. इंग्लंडात लँचेस्टरने १९०२ सालीच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण त्याच्या चकतीवर तांबं घासायचं आणि रस्ताभर किंचाळी उठायची. मग १९५३ साली जॅग्वारच्या गाडीने डिस्कच्या जोरावर ल मांची चोवीस तासांची शर्यत मारली. हा विजय काका अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या दिवशी ते तिथे पाना घेऊन उभे होते.

पुढच्या चाकांना मारुतीचे कॅलिपर लावायचे ठरले. त्यासाठी ब्रॅकेट कातून घेतले, पद्मिनीच्या चौदा इंची रिमच्या आत कॅलिपर घासत तर नाही ना ते खडूने खूण करून पाहिलं. हा भाग आठवड्यात उरकला. इथवर वाशी नाक्याच्या मिस्त्रींची साथ होती. मिस्त्रींनी पुढची चाकं चढवली, हात पुसले आणि म्हणाले, "हो गया चाचा. अब ऑइल डालो, हवा निकालो, चलाओ."

"आणि व्हॉल्व्ह?" काका म्हणाले.

"कौनसा वाल?"

ह्या प्रश्नावर काका त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती मी पाहिली आहे. पुढच्या रविवारपासून मिस्त्री येईनासे झाले.

इथे वाचकांना थोडं थांबवावं लागेल, कारण काकांना भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकण्यासारखं आहे. पहिला मुद्दा मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बसलेल्या एका छोट्या रबरी तुकड्याचा. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरांत पुष्कळदा एक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो नळीत साधारण दहा पौंडांचा दाब राखून ठेवतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरचे रबरी कप भिंतीला चिकटून राहतात, हवा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी ब्रेक लवकर लागतो. ड्रममध्ये लायनर लावलेल्या बुटांना मागे ओढणारी जाड स्प्रिंग असते, त्यामुळे हा दाब कुणाला जाणवत नाही. डिस्कच्या पॅडला तसली स्प्रिंग नाही. तिथे तेच दहा पौंड राहिले तर पॅड चकतीला चिकटूनच राहतात, आणि गाडी ब्रेक लावूनच फिरते. म्हणून पुढच्या नळीतून हा व्हॉल्व्ह काढायचा. मागे ड्रम तसेच ठेवणार असाल तर मागच्या नळीत तो राहू द्यायचा. आणि मास्टर सिलिंडर गाडीच्या तळाशी, कॅलिपरच्या खालच्या पातळीला असेल, तर ऑइल उलटं वाहून येऊ नये म्हणून डिस्कच्या नळीतही एक घालायचा, पण दोन पौंडांचा. काहींत हा तुकडा असतो, काहींत नसतो, म्हणून सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय बोलायचं नाही. काका हे वाक्य बोलून थांबतात आणि आपण सिलिंडर उघडून बघितला आहे का, अशा अर्थाने समोरच्याकडे पाहतात. समोरचा बहुधा लग्नपत्रिका द्यायला आलेला असतो.

दुसरा मुद्दा मागच्या चाकांचा. जोराचा ब्रेक मारला की गाडी पुढे वाकते. नऊशे किलोंच्या आसपासच्या पद्मिनीत, काकांच्या हिशेबाने, शंभर-दीडशे किलो वजन त्या क्षणी मागून पुढे सरकतं. मागची चाकं हलकी होतात. डिस्कला जोर जास्त लागतो, म्हणून आपण पायडल जास्त दाबतो. तोच दाब मागच्या ड्रमलाही जातो, आणि ड्रमची रचना अशी की फिरत्या ड्रममुळे त्याचा एक बूट आपोआप अधिक घट्ट होतो. परिणाम: मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. "पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ जाऊन आदळते," काका सांगतात, "मागची झाली तर वळून, मागून आदळते. सरळ आदळणं केव्हाही बरं, समोर काय आहे ते तरी दिसतं."

त्यासाठी मागच्या नळीत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. हा काकांचा लाडका. तो समजावताना ते पंगतीचा दाखला देतात. सुरुवातीला पुढच्या आणि मागच्या दोन्ही पंगतींना सारखंच वाढायचं. भूक वाढली, हाक जोरात आली, की एका ठरावीक क्षणापासून पुढच्या पंगतीला पूर्ण वाढप आणि मागच्या पंगतीला अर्धीमुर्धी पळी. उपाशी कुणी राहत नाही, पण मागचे फार खाऊन उलटतही नाहीत. तो क्षण कुठला, हे व्हॉल्व्हवरची कळ फिरवून ठरवता येतं, आणि काकांच्या आयुष्यातली सगळी शांती त्या कळीत गेली आहे.

तिसरा मीटरिंग व्हॉल्व्ह. तो पुढच्या नळीत. ड्रमच्या स्प्रिंगा ताणायला थोडा वेळ लागतो आणि डिस्क तर पाय टेकताच पकडते. म्हणून हा व्हॉल्व्ह शंभरेक पौंडांचा दाब होईपर्यंत पुढच्यांना धरून ठेवतो, मागचे तयार झाले की मग सोडतो. ओल्या रस्त्यावर हळूच ब्रेक लावताना त्याचा उपयोग. साठ-सत्तरच्या दशकांतल्या भल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांना तो असायचा. पद्मिनीसारख्या लहान गाडीला हवा की नको, यावर काकांचं मत दर पावसाळ्यात बदलतं.

एव्हाना लक्षात आलं असेल की काकांचं ज्ञान पक्कं आहे. अडचण ज्ञानाची नाहीच. काही माणसं वस्तू वापरतात आणि काही माणसं वस्तू निवडतात. दुसऱ्या जातीची माणसं तुमच्याही घरात असतील: फ्रिज घ्यायचा म्हणून तीन उन्हाळे माठातलं पाणी प्यायलेली, मुलासाठी एकूण एक स्थळं बघून त्याला चाळिशीत नेऊन ठेवलेली. ही माणसं चेंगट नसतात, आळशी तर नसतातच. त्यांची श्रद्धा अशी की कुठेतरी एक अचूक वस्तू आहे आणि थोडा धीर धरला तर ती सापडेल. वस्तू सापडली की मात्र त्यांना ताप येतो. काकांना असा ताप आलेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे, जेव्हा अमेरिकेहून पार्सल आलं.

शेजाऱ्यांचा मुलगा तिकडून येणार होता. काकांनी त्याला एकच वस्तू सांगितली, कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह: मीटरिंग, प्रपोर्शनिंग आणि धोक्याचा दिवा पेटवणारा स्विच, तिन्ही एकाच पितळी ठोकळ्यात. मुलाच्या आईने लोणच्याची ऑर्डर रद्द करून त्या ठोकळ्याला बॅगेत जागा केली. विमानतळावर तपासनीसाने तो वरून, खालून, भोकांतून पाहिला. पोराने सांगितलं, "एका काकांचा आहे." तपासनीसाने विचारलं, "काकांना काय झालंय?"

ठोकळा आला, काकांनी तो देवघरात ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्याचे आटे इंची आहेत. पद्मिनीच्या नळ्यांचे मिलिमीटरचे. मधे जोडणी लागणार. कातारी म्हणाला, पितळेचं करून देतो. काकांना त्याचा आटा पसंत पडेना. फ्रिजवाल्याने तांब्याची नळी देऊ केली. काकांनी त्याला अर्धा तास समजावलं की ब्रेकच्या नळीत जोराच्या दाबाला हजार पौंड सहज होतात, साधं तांबं थरथरून थरथरून एक दिवस चिरतं, तिथे पोलादी नळीच हवी. फ्रिजवाला ज्या बर्फाच्या पेटीचा गॅस भरायला आला होता त्या पेटीतलं पापलेट तेवढ्यात मऊ पडलं.

शिवाय ठोकळ्यातला तो स्विच काम करतो दोन वेगळ्या नळ्यांमधल्या दाबाच्या फरकावर. म्हणजे मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा हवा. जुन्या गाड्यांत एकच कप्पा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. काकांनी मास्टर सिलिंडर बदलला. नवा सिलिंडर जाड व्यासाचा निघाला, पायडल दगड झालं. बारीक व्यासाचा आणला, पायडल जमिनीला टेकलं. मधला मिळाला तेव्हा बूस्टर लावायची इच्छा झाली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे भंगारवाले काकांना लांबून बघितलं की पद्मिनीचे भाग पुढे काढून ठेवतात आणि चहा सांगतात. पद्मिनीचा कारखाना गेला, तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही बंद झाली. त्या दिवशी गावातल्या लोकांना हळहळ वाटली. काकांना वाटलं, आता तरी चांगले व्हील सिलिंडर भंगारात येतील.

रविवार सकाळ म्हणजे एअर काढण्याची वेळ. कुठलाही व्हॉल्व्ह बदलला की नळ्यांत हवा शिरते आणि ती चाकाच्या निपलमधून काढावी लागते. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्यापासून. काका गाडीखाली. ड्रायव्हरच्या जागेवर काकी, मांडीवर कोलंबीचं ताट. दोन्ही कामं एकदम चालतात.

"दाब."

"दाबलं."

"अजून. आता धर!"

"धरलंय."

"सोडू नकोस हां!"

"सोडायचं असतं तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडलं असतं."

निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद होतो, "आता सोड" असा आवाज येतो आणि एक कोलंबी सोलून होते. काकींच्या मते एका चाकाला पाव किलो लागते. एकदा त्या धरलेल्या अवस्थेत असताना काकांना गाडीखाली पडल्या पडल्या मीटरिंग व्हॉल्व्हबद्दल काहीतरी सुचलं आणि ते उठून वहीत लिहायला घरात गेले. काकींनी पाय काढला नाही. त्या दिवसापासून डॅशबोर्डावरचा लाल दिवा पेटला तो पेटलाच. एअर काढताना एका बाजूचा दाब गेला की त्या स्विचमधली दांडी एका अंगाला सरकून बसते आणि पुन्हा मध्यावर आणावी लागते. काकांनी ती आणली नाही. दिवा पेटतो याचा अर्थ व्हॉल्व्ह जिवंत आहे, असं त्यांचं म्हणणं.

काकांचे थोरले भाऊ होडीवर जातात. ते येता-जाता उभे राहतात, तंबाखू मळतात. "आमच्या होरीला बिरेक नाय, तरी रोज बंदराला लागते ना?"

"लागते म्हणजे आदळते," काका खालून म्हणतात. "त्याला थांबणं म्हणत नाहीत."

दुसरा विरोधक चेंबूरहून येतो. जुन्या गाड्यांचा शौकीन, गळ्यात रुमाल, हॉर्निमन सर्कलच्या रॅलीचे फोटो खिशात. त्याच्या मते जुन्या गाडीला नवा ब्रेक लावणं हे पाप. तो नियम दाखवतो: २०२१ च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली, गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, पाटीवर व्हीए ही अक्षरं. काका चष्मा लावून तोच नियम पुन्हा वाचतात. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको असं आहे, ब्रेकचं नाव नाही. मात्र मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम दाखवलं की काकांचा आवाज बसतो. नोंदणीच्या कागदाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून पुढचे दोन्ही मूळ ड्रम त्यांनी ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवले आहेत. आरटीओवाला आला तर एका दिवसात गाडी पूर्वस्थितीत. पलंगाखाली हात घातला की काकींच्या बांगड्यांना ग्रीस लागतं.

एवढं वाचून कुणी काकांना वेडा म्हणेल. त्याने पुढची गोष्ट ऐकावी. चेंबूरच्या एका घरची साठच्या दशकातली अ‍ॅम्बॅसडर. कुठल्याशा दुकानात अर्ध्या दिवसात पुढच्या चाकांना डिस्क बसवून दिली, हार घालून दिली. चिरंजीव गाडी घेऊन ईस्टर्न फ्रीवेवरून निघाले आणि चेंबूरला उतरेपर्यंत पुढच्या चाकांतून धूर. ब्रेकवर पाय नाही आणि गाडी पुढे सरकेना. टोचन लावून गाडी माहुलला आणली गेली. काकांनी जॅक लावला, पुढचं चाक हाताने फिरवलं, फिरेना. मग कॅलिपरचा निपल अर्धा फेरा ढिला केला. पिचकारी उडाली आणि चाक मोकळं. काका उठले, मास्टर सिलिंडर उघडला, आतून नखाएवढा रबरी तुकडा काढून चिरंजीवांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या गाडीचा ब्रेक तुम्ही नाही, हा लावत होता."

पैसे विचारले तर घेतले नाहीत. जाताना मागच्या नळीत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय पावसात चालवू नका असं सांगितलं, आणि स्वतःकडच्या चारांपैकी एक दिला. ती अ‍ॅम्बॅसडर आज अलिबागला जाऊन येते. टेम्पोवाले, जीपवाले, एक जुनी जोंगा बाळगणारे निवृत्त सुभेदार, सगळे काकांकडून व्हॉल्व्ह निवडून घेऊन गेले आणि सुखाने थांबतात. दुसऱ्याची निवड काका दहा मिनिटांत करतात. त्यांच्या हाताला गुण आहे, असंही लोक म्हणतात. हा गुण फक्त घरच्या गाडीला लागू पडत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र चाचणीचा दिवस उजाडला. प्रपोर्शनिंगची कळ बसवून झाली होती, मीटरिंग नको असा निकाल लागला होता. चाचणी करायची ती रिकाम्या रस्त्यावर आणि माहुलच्या रस्त्याला टँकर चोवीस तास. शेवटी रविवारी पहाटे जेट्टीकडचा तुकडा मिळाला. रस्त्यावर पाणी मारलं. एका अंगाला भावाचा मुलगा, मागच्या चाकावर नजर ठेवायला. दुसऱ्या अंगाला मी, पुढच्या चाकावर. कुठलं चाक आधी जाम होतं ते ओरडून सांगायचं. खाडीत रोहित पक्षी चिखलात माना घालून उभे होते. टँकरचे चार ड्रायव्हर दात घासत कठड्यावर बसले.

पद्मिनी आली, काकांनी पायडल दाबलं. "मागचं!" पुतण्या ओरडला. काकांनी उतरून कळ अर्धा फेरा फिरवली. पुन्हा आली. "मागचं!" पुन्हा अर्धा फेरा. मग एकदा माझं चाक आधी जाम झालं, मागचं फिरत राहिलं, गाडी ओल्या रस्त्यावर रेषेत सरळ थांबली. टँकरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्याने फेऱ्यांचा आकडा वहीत लिहिला. काकी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी तिथेच हात जोडून कार्ल्याच्या दिशेने नमस्कार केला.

काका गाडीतून उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. बराच वेळ ते मागच्या चाकाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मागेही डिस्क लावली तर?"

मागे डिस्क म्हणजे मागच्या नळीतला दहा पौंडांचा व्हॉल्व्ह बाद. प्रपोर्शनिंगची कळ नव्याने लावायची. मास्टर सिलिंडरला आता जास्त ऑइल ढकलावं लागणार, म्हणजे व्यास पुन्हा बघायचा. हँडब्रेकची तार कुठे जोडायची हा तर स्वतंत्र ग्रंथ. काकांच्या डोळ्यांत चमक आली. गाडी ढकलत परत आणली, कारण पेट्रोल फुकट जाळायचं कशाला. सध्या ती चार ठोकळ्यांवर आहे.

ज्यांना आपल्या जुन्या गाडीला डिस्क बसवायची आहे त्यांनी माहुलला जरूर यावं. येताना जुना मास्टर सिलिंडर बरोबर आणावा, जेवून यावं, रविवारी सकाळी येऊ नये. काका योग्य तोच व्हॉल्व्ह देतील, याची खात्री मी देतो. आणि येत्या चैत्रात तुमच्या गाडीतून कुणी एकवीरेला जाणार असेल व मागच्या बाकावर एक जागा रिकामी असेल, तर तेवढं काकींना आधी कळवा.